बंदिस्त बाल्कनी आणि नैसर्गिक प्रकाश

बंदिस्त बाल्कनी म्हणजे सदनिकेच्या बाह्य भिंतीपुढे काढलेला, मूळचा उघडा सज्जा काचेच्या तावदानांनी किंवा सरकत्या खिडक्यांनी बंद करून केलेली जागा होय. मुंबई व परिसरात तिला बोलीभाषेत 'बंद गॅलरी' असेही म्हणतात. पाऊस, धूळ, गोंगाट व चोरीपासून संरक्षण आणि अपुरी जागा ही बाल्कनी बंद करण्याची प्रमुख कारणे आहेत. मात्र बाल्कनी बंद केल्यावर तिच्यामागील खोलीचा बाहेरच्या आकाशाशी असलेला थेट संबंध तुटतो. त्या खोलीचा प्रकाश किती घटतो हे काच, चौकट, कठडा आणि मधली भिंत यांवर अवलंबून असते.

मोजमाप

ढगाळ आकाशाखाली उघड्या जागी मिळणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत खोलीतील एखाद्या बिंदूवर किती टक्के प्रकाश पोहोचतो, या प्रमाणाला दिवसप्रकाश गुणांक म्हणतात. भारतीय मानक आयएस २४४० मध्ये संकल्पनासाठी बाहेरील प्रकाश ८,००० लक्स धरला आहे. त्यामुळे १ टक्का गुणांक म्हणजे ८० लक्स होतात. या मानकानुसार स्वयंपाकघरासाठी २.५ टक्के (२०० लक्स), अभ्यासाच्या खोलीसाठी १.९ टक्के (सुमारे १५० लक्स) आणि दिवाणखान्यासाठी ०.६२५ टक्के (५० लक्स) गुणांक अपेक्षित आहे.

प्रकाश घटण्याची कारणे

खोलीतील दिवसप्रकाशाचे तीन भाग असतात: आकाशातून थेट येणारा, समोरच्या इमारती व जमिनीवरून परावर्तित होऊन येणारा आणि खोलीतील भिंती व छतावरून परावर्तित होणारा. वरच्या मजल्याच्या सज्जामुळे आकाशाचा वरचा, अधिक तेजस्वी भाग उघड्या बाल्कनीतही झाकलेला असतो. बाल्कनी बंद केल्यावर उरलेल्या प्रकाशाला आणखी एक थर ओलांडावा लागतो.

साधी स्वच्छ काच सुमारे ८८ टक्के प्रकाश आत सोडते. ॲल्युमिनियमच्या चौकटींनी २० टक्के क्षेत्र व्यापले आणि धुळीमुळे आणखी १० टक्के प्रकाश अडला असे धरल्यास, एकूण सुमारे ६३ टक्के प्रकाश आत पोहोचतो. ज्या स्वयंपाकघरात पूर्वी २०० लक्स मिळत होते तेथे या हिशेबाने सुमारे १२७ लक्स उरतात. निम्माच प्रकाश सोडणारी रंगीत काच वापरल्यास हा आकडा सुमारे ७२ लक्सपर्यंत उतरतो. जाळीच्या कठड्याऐवजी वीट किंवा पत्र्याचा भरीव कठडा केल्यास खालून परावर्तित होणारा प्रकाशही अडतो. बाल्कनीत ठेवलेली कपाटे आणि वाळत घातलेले कपडे यांचाही असाच परिणाम होतो.

दिशेचा परिणाम

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात दक्षिणेकडील ऊन तिरपे आत येते, तर पश्चिमेकडील बाल्कनीत दुपारनंतरचे ऊन वर्षातील बराच काळ थेट पडते. बंद काचेमागे ही उष्णता साठते. ती टाळण्यासाठी पडदे ओढले जातात किंवा काचेवर गडद पापुद्रा लावला जातो, आणि मग भर दिवसाही आतील खोलीत दिवा लावावा लागतो.

मधली भिंत

मधली भिंत व खिडकी कायम ठेवल्यास आतील खोलीला प्रकाश व हवा बाल्कनीमार्फतच मिळते. भिंत काढून बाल्कनी खोलीत सामावून घेतल्यास प्रकाशाची उघडी बाजू रुंद होते. मूळची खिडकी लहान असेल तर अशा वेळी खोलीच्या मागील भागातला प्रकाश वाढूही शकतो. तथापि ती भिंत भारवाहक असल्यास किंवा सज्जावर जादा भार आल्यास इमारतीच्या सुरक्षिततेला धोका पोहोचतो. म्हणून असा बदल संरचना अभियंत्याचा सल्ला व स्थानिक प्राधिकरणाची परवानगी घेऊनच करणे आवश्यक असते.

नियम

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची खिडकी थेट बाहेरच्या हवेत किंवा उघड्या व्हरांड्यात उघडली पाहिजे. उष्ण व दमट हवामानात अशा खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावे लागते. खिडकीपासून ७.५ मीटरपेक्षा दूर असलेला खोलीचा भाग प्रकाशित मानला जात नाही.

मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनीला ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांकातून सूट होती आणि अधिमूल्य भरून ती बंद करता येत असे. जानेवारी २०१२ मधील सुधारणेने बाल्कनीचे क्षेत्र निर्देशांकात मोजले जाऊ लागले आणि त्याच्या भरपाईसाठी निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत 'फंजिबल' चटईक्षेत्र देण्यात आले.

इतर देशांतील उदाहरणे

दक्षिण कोरियात बाल्कनी खोलीत सामावून घेण्यास २००५ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. फ्रान्समधील बोर्दो शहरात ग्रां पार्क वसाहतीतील ५३० घरांच्या नूतनीकरणात लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह जुन्या इमारतींना काचेच्या रुंद बाल्कन्या जोडल्या. त्याच वेळी मागील खोल्यांच्या लहान खिडक्या काढून तेथे मोठे सरकते काचेचे दरवाजे बसवले. मधला अडसर पारदर्शक केल्यास बंदिस्त बाल्कनी असूनही घर उजळ राहू शकते, हे या प्रकल्पातून दिसते. त्याला २०१९ मध्ये युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला.

उपाय

स्वच्छ काच, बारीक चौकटी, जाळीचा किंवा काचेचा कठडा, फिकट रंगाच्या भिंती व छत, तसेच मधल्या दारावर काचेचा झरोका यांमुळे प्रकाशाची घट कमी होते. पश्चिमेकडे रंगीत काचेपेक्षा बाहेरच्या बाजूने लावलेला, गुंडाळता येणारा पडदा अधिक उपयुक्त ठरतो. तो ऊन नसताना वर घेता येतो. रंगीत काच मात्र पावसाळ्यातील मंद प्रकाशही तितकाच अडवते.

हेही पाहा

चटईक्षेत्र निर्देशांक
राष्ट्रीय बांधकाम संहिता
वायुवीजन