अंतःसहजीवन सिद्धान्ताची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पेशीविज्ञानातील नव्या शोधाची वार्ता बहुधा एका वाक्यात येते; त्यामागील दीर्घ वादाला पाठ्यपुस्तकात क्वचितच स्थान मिळते. एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले ‘नायट्रोप्लास्ट’विषयीचे संशोधन याचे ठळक उदाहरण होय. एका सागरी शैवालाच्या पेशीत हवेतील नायट्रोजनचे स्थिरीकरण करणारे अंगक आहे आणि ते मूळचे जीवाणू आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. स्वतंत्र जीवाणू दुसऱ्या पेशीत वस्तीला येऊन तिचे अंगक बनतो, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी बहुतेक शास्त्रज्ञांना अग्राह्य वाटत होती. ती सर्वमान्य कशी झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कल्पनेचा उदय आणि उपेक्षा

हरितलवके नव्याने निर्माण होत नसून आधीच्या हरितलवकांच्या विभाजनातून होतात, हे निरीक्षण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८८३ मध्ये नोंदविले व त्याचे सहजीवनाशी असलेले साम्य सूचित केले. आज ज्यांना आपण तंतुकणिका म्हणतो, त्या कणांना आल्टमान यांनी १८९० मध्ये प्राथमिक सजीव मानले. १९०५ मध्ये रशियातील कझान येथील मेरेझकोव्स्की यांनी हरितलवके ही नील-हरित शैवालांची वंशज आहेत, असे स्पष्टपणे प्रतिपादन केले. अमेरिकेतील आयव्हन वॉलिन यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात तंतुकणिका जीवाणूंपासून आल्याचे मांडले.

ही उपेक्षा केवळ पूर्वग्रहातून झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वॉलिन यांनी तंतुकणिका पेशीबाहेर वाढविल्याचा दावा केला होता. परंतु तो टिकला नाही. त्यांच्या संवर्धनात बाहेरचे जीवाणू शिरले असावेत, असेच मत रूढ झाले. आकार व विभाजन यांतील साम्य हे सूचक असले, तरी ते वंशसंबंधाचा पुरावा नव्हते. ई. बी. विल्सन यांनी १९२५ मध्ये अशा कल्पना तत्कालीन विद्वत्सभेत मांडण्याजोग्या नसल्याचे म्हटले. मात्र पुढे त्यांचा गांभीर्याने विचार करावा लागेल, ही शक्यताही त्यांनी मोकळी ठेवली.

पुराव्याचा कालखंड

१९६२ मध्ये रिस आणि प्लॉट यांना हरितलवकात, तर १९६३ मध्ये मार्गिट व सिल्व्हन नास यांना तंतुकणिकेत डीएनए असल्याची चिन्हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. या पार्श्वभूमीवर लिन सेगन, म्हणजेच पुढील काळातील लिन मार्ग्युलिस, यांचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी सुमारे पंधरा नियतकालिकांनी तो नाकारला होता, असे त्यांनी सांगितले आहे. तंतुकणिका, हरितलवके आणि कशाभिका ही तिन्ही अंगके जीवाणूंपासून आली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अंगके पेशीच्या आतच घडली, असे मानणारा पक्षही प्रबळ होता. त्यामुळे दोन्ही पक्षांत निवाडा करू शकेल अशी कसोटी आवश्यक होती. ती रेणवीय जीवशास्त्राने पुरविली. कॅनडातील बोनेन व डूलिटल यांनी १९७५ मध्ये तांबड्या शैवालाच्या हरितलवकातील रायबोसोमल आरएनए तपासला. त्याचे नाते शैवालाच्या स्वतःच्या पेशीद्रव्याशी नव्हे, तर जीवाणूंशी जुळले. तंतुकणिकांबाबतही असेच निष्कर्ष पुढे आले. मार्ग्युलिस यांचा कशाभिकेविषयीचा दावा मात्र या कसोटीवर उतरला नाही आणि तो स्वीकारला गेला नाही. एकाच शोधनिबंधातील दोन विधाने मान्य झाली व तिसरे अमान्य झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अलीकडील संशोधन

पाहुण्याचे मूळ समजल्यावर यजमान कोण, हा प्रश्न उरला. २०१५ मध्ये एटेमा यांच्या गटाने आर्क्टिक सागरतळाच्या गाळातील डीएनएवरून ‘लोकी’ आर्कियांचे वर्णन केले. त्यांच्यात दृश्यकेंद्रकी पेशींची वैशिष्ट्ये मानली गेलेली अनेक जनुके आढळली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी बारा वर्षांच्या प्रयत्नांती त्यांचा एक नातलग प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले.

नायट्रोप्लास्टची कथाही चिकाटीचीच आहे. जोनाथन झेहर यांना १९९८ मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात एका अज्ञात जीवाणूच्या डीएनएचा तुकडा मिळाला. दुसरीकडे, त्याचे यजमान शैवाल प्रयोगशाळेत वाढविण्यासाठी क्योको हागिनो यांनी दशकाहून अधिक काळात पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या तीनशेहून अधिक मोहिमा केल्या. सहजीवी कोणता आणि अंगक कोणते, हे ठरविण्याचे निकष तंतुकणिकांच्या अभ्यासातून तयार झालेलेच होते. पेशीबरोबर विभाजन होणे आणि यजमानाने बनविलेली प्रथिने आत घेणे, हे दोन्ही येथे दिसून आले. हे सहजीवन सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले असावे, असा अंदाज आहे.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नाकारली गेलेली प्रत्येक कल्पना खरी नसते. तसेच पुराव्याअभावी नाकारलेली कल्पना कायमची खोटीही ठरत नाही. निर्णय देणारी कसोटी उपलब्ध होईपर्यंत तिची नोंद जिवंत ठेवणे, हे विद्वत्समाजाचे कर्तव्य आहे. आपल्या वर्गांत ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढेच उत्तर पाठ होते आणि पेशीची आकृती पूर्ण झाल्यासारखी फळ्यावर काढली जाते. त्या आकृतीतील एकेक अंगक कोणत्या पुराव्याच्या बळावर तेथे आले, हे शिकविल्यास विद्यार्थ्याला केवळ माहिती नव्हे, तर ती पारखण्याची रीतही मिळेल. नायट्रोप्लास्टने ती आकृती अद्याप अपूर्ण असल्याचे दाखवून दिलेच आहे.