वेळेत पोहोचणारे काँक्रीट : तयार काँक्रीटच्या पुरवठ्यातील वेळनियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक नगरांचा इतिहास लिहिताना वास्तुरचना, भूमिमूल्य, लोकसंख्या व शासकीय धोरणे यांचा विचार विस्ताराने केला जातो. त्या मानाने बांधकाम साहित्याच्या पुरवठ्याचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वीट, दगड, पोलाद ही सामग्री बांधकामाच्या जागी आणून महिनोन्महिने रचून ठेवता येते. तयार काँक्रीट मात्र तसे ठेवता येत नाही. सिमेंटमध्ये पाणी मिसळताच रासायनिक प्रक्रिया सुरू होते आणि ती कोणाचीही वाट पाहत नाही. त्यामुळे या मालाच्या व्यवहारात अंतरापेक्षा वेळेला अधिक महत्त्व प्राप्त झाले. या वेळेवर नियंत्रण मिळवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात कसे झाले, त्यांतून कोणते प्रश्न सुटले व कोणते नव्याने निर्माण झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रारंभीचा काळ : रसायनाशी स्पर्धा

इंग्लंडमधील जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे काँक्रीट बांधकामाच्या जागीच कालवले जात असे. दुसरीकडे तयार करून ते वाहून आणण्याच्या कल्पनेला जर्मनीत प्रथम निश्चित रूप मिळाले. हॅम्बुर्ग येथील युर्गेन हिनरिख मागेन्स याने १९०३ मध्ये अशा पद्धतीचे पेटंट मिळवले. मिश्रण थंड ठेवल्यास ते वाहून नेण्यास अधिक अवधी मिळतो, हे तत्त्व त्याने पुढे वापरले. अमेरिकेत १९१३ मध्ये बाल्टिमोर येथे तयार काँक्रीटचा पुरवठा झाल्याची नोंद आढळते. मात्र साध्या ट्रकमधून नेताना खडी तळाशी बसे, पाणी वर येई आणि माल पोहोचेपर्यंत त्याचा एकजिनसीपणा नष्ट होई.

या अडचणीवर फिरत्या पिंपाचा उपाय पुढे आला. ओहायो राज्यातील कोलंबस येथील स्टीफन स्टेपॅनियन याने १९१६ मध्ये ट्रकवर बसवलेल्या मिक्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. एवढा भार ट्रकला पेलणार नाही, या कारणास्तव तो प्रथम नाकारला गेला. पुढे १९२० च्या दशकात असे ट्रक रस्त्यावर आले. १९३० मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी केल्ड अमेन्टॉर्प या डॅनिश अभियंत्याने लंडनच्या पश्चिमेस बेडफाँट येथे ब्रिटनमधील या व्यवसायाचा पाया घातला.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. फिरते पिंप मिश्रणाचे घटक वेगळे होऊ देत नाही, पण सिमेंटची प्रक्रिया ते थांबवू शकत नाही. यंत्राने अंतराचा प्रश्न काही प्रमाणात सोडवला, वेळेचा प्रश्न तसाच राहिला. म्हणूनच अमेरिकेत १९३३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या तयार काँक्रीटच्या मानकात पुढे दीर्घकाळ दीड तासात माल रिकामा करण्याची मर्यादा रूढ झाली. कारखान्याच्या दारातून निघालेल्या मालाला अशा रीतीने घड्याळ बांधले गेले.

वेळनियोजनाचे गणित

या व्यवसायातील वेळनियोजनाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्लॅबवर पंपाने ताशी ३० घनमीटर काँक्रीट टाकले जात आहे आणि प्रत्येक ट्रान्झिट मिक्सरमध्ये ६ घनमीटर माल मावतो, असे समजू. मग दर १२ मिनिटांनी एक गाडी हजर असली पाहिजे. गाडी भरण्यास १० मिनिटे, जाण्यास ४०, जागेवर थांबून रिकामी होण्यास १५, परतण्यास ३५ आणि धुण्यास ८ मिनिटे लागल्यास एक फेरी १०८ मिनिटांची होते. याचा अर्थ ९ गाड्या पुरेशा ठरतात.

रहदारीमुळे ही फेरी २४ मिनिटांनी लांबली, तर त्याच गतीसाठी ११ गाड्या लागतात. गाड्या ९ च राहिल्या तर दोन गाड्यांमधील अंतर जवळजवळ १५ मिनिटांवर जाते आणि १२० घनमीटरच्या स्लॅबचे चार तासांचे काम सुमारे ५० मिनिटांनी वाढते. व्यवहारात हा उशीर असा समप्रमाणात वाटलाही जात नाही. चार गाड्या एकदम येऊन रांगेत उभ्या राहतात आणि नंतर तासभर एकही येत नाही. रांगेतील माल पिंपातच घट्ट होऊ लागतो. दुसरीकडे आधी टाकलेला थर आवळतो आणि नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही. या कच्च्या सांध्यातून पुढे पाणी झिरपते व सळई गंजते. घट्ट झालेला माल सैल करण्यासाठी जागेवर मनमानी पाणी घालण्याचा मोह होतो. त्याने काम तेवढ्यापुरते सोपे होते, पण काँक्रीटची ताकद घटते. थोडक्यात, वेळापत्रकातील चूक इमारतीच्या अंगात कायमची मुरते.

अव्यवस्थेचा स्वीकार : मेक्सिकोतील प्रयोग

वेळनियोजनाच्या इतिहासातील महत्त्वाचे वळण १९९० च्या दशकात मेक्सिकोत आले. मॉन्टेरे येथील सेमेक्स या १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची सूत्रे १९८५ पासून लोरेन्झो झाम्ब्रानो यांच्याकडे होती. मेक्सिकोतील शहरांमध्ये रहदारीची कोंडी नित्याची होती. ग्राहक ऐन वेळी मागणी बदलत वा रद्द करत. ठेकेदाराचे सेंटरिंग पूर्ण झालेले नसे, मजूर आलेले नसत. अशा स्थितीत ग्राहकाने आगाऊ मागणी पक्की करावी, असा आग्रह धरणे ही पुरवठादारांची नेहमीची रीत होती.

कंपनीने हा विचार उलटा केला. बदल हा अपवाद न मानता नियम मानावा व त्यानुसार व्यवस्था उभारावी, असे ठरले. त्यासाठी तिच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या आपत्कालीन सेवेचे नियंत्रण केंद्र अभ्यासले. अपघात कोठे व केव्हा होणार हे त्या केंद्राला ठाऊक नसते, तरीही रुग्णवाहिका मिनिटांत पोहोचते. त्या धर्तीवर गाड्या एकेका प्रकल्पाला बांधून ठेवण्याची पद्धत मोडण्यात आली. उपग्रहाद्वारे प्रत्येक गाडीचे स्थान कळू लागले आणि जवळची गाडी जवळच्या मागणीकडे वळवली जाऊ लागली. अल्पशिक्षित चालकांना शिक्षण देऊन निर्णयाचे काही अधिकारही सोपवण्यात आले. ठरलेल्या वेळेपेक्षा २० मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास किमतीत सूट देण्याची हमी कंपनी देऊ लागली. पुढे २००५ मध्ये याच कंपनीने बेडफाँटच्या परंपरेतील ब्रिटिश आरएमसी समूह विकत घेतला. संगणक व उपग्रह यांइतकेच या बदलात चालकावर टाकलेल्या विश्वासालाही महत्त्व होते, हे विसरता येत नाही.

पुढील काळात मोठ्या कामांनी या नियोजनाची कसोटी घेतली. लॉस एंजेलिस येथील विल्शायर ग्रँड या इमारतीच्या पायासाठी १५ व १६ फेब्रुवारी २०१४ रोजी सलग सुमारे १८ तास २१,२०० घनयार्ड, म्हणजे सुमारे १६,२०० घनमीटर, काँक्रीट टाकण्यात आले. दोनशेहून अधिक ट्रकांनी दोन हजारांवर फेऱ्या केल्या. हे काम शनिवार-रविवारी घेण्यात आले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. रस्ता मोकळा असणे ही वेळनियोजनाची पहिली अट होय.

भारतीय संदर्भ

भारतात भाक्रा धरणाच्या काँक्रीटकामाचा प्रारंभ पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १७ नोव्हेंबर १९५५ रोजी झाला. तेथे मोठ्या यंत्रसंचांतून काँक्रीट तयार होत असे. परंतु तो संच धरणाचाच भाग होता. अनेक ग्राहकांना शहराच्या रस्त्यांवरून माल पुरवणारा व्यवसाय आपल्याकडे १९९० च्या दशकात, मुख्यत्वे मुंबई-पुणे परिसरात, रुजला. भारतीय मानक ४९२६ च्या २००३ मधील आवृत्तीने गाडी भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी करण्याचा सर्वसाधारण नियम घातला. गोठण लांबवणारी रसायने वापरल्यास वा हवा थंड व दमट असल्यास त्यात सवलत ठेवली. गाडीसोबतच्या चलनावर वेळांची नोंद करणेही आवश्यक ठरले. ही नोंद म्हणजे उशीर कारखान्याचा, रस्त्याचा की ठेकेदाराचा, हे ठरवणारा पुरावा होय.

भारतीय शहरांतील अडचण केवळ कोंडीची नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना अनेक रस्त्यांवर बंदी असते, म्हणून काम रात्रीकडे ढकलले जाते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ ठरतो. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात त्या काळात आवाज करणाऱ्या बांधकाम यंत्रांना मनाई केली. दिवसा गाडीला रस्ता नाही आणि रात्री पंपाला परवानगी नाही, अशा दुहेरी कात्रीत स्लॅबचे वेळापत्रक सापडते. दोन्ही नियम नागरिकांच्या हिताचे आहेत, परंतु ते एकमेकांचा विचार करून केलेले नाहीत.

या बदलाला सामाजिक बाजूही आहे. पूर्वी स्लॅबच्या दिवशी मुकादम बिगाऱ्यांची टोळी आणत असे. घमेली हातोहात वर जात आणि या साखळीत स्त्रियांचा वाटा मोठा असे. हे काम अत्यंत कष्टाचे व अपुऱ्या मजुरीचे होते. पंप आल्याने ते कष्ट कमी झाले, त्याबरोबर तेथील रोजगारही आक्रसला. उरलेल्या कामगारांना गाडीच्या प्रतीक्षेत ताटकळावे लागते आणि ती आल्यावर विश्रांतीविना राबावे लागते. पूर्वी कामाची गती मुकादम ठरवी, आता ती नियंत्रण कक्ष ठरवतो. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ मध्ये कामाच्या तासांचा विचार होता. परंतु लांबलेल्या स्लॅबच्या रात्री तो कितपत पाळला जात असे, हा प्रश्न उपस्थित होतो.

निष्कर्ष

१. तयार काँक्रीटचा इतिहास हा मिश्रणयंत्राच्या इतिहासाइतकाच वेळेवरील नियंत्रणाचा इतिहास आहे.
२. फिरत्या पिंपाने मालाचा एकजिनसीपणा टिकवला, मानकांनी कालमर्यादा घातली आणि संगणकीय नियंत्रणाने गाड्यांना लवचीकता दिली. यांपैकी कोणताही एक उपाय एकटा पुरेसा ठरला नाही.
३. ग्राहकाची तयारी, चालकाचा निर्णय व रस्त्याची स्थिती यांना गृहीत धरणारे नियोजनच विश्वसनीय ठरते, हे मेक्सिकोतील अनुभवावरून दिसते.
४. भारतीय शहरांत वाहतूक व ध्वनिविषयक नियमांची सांगड घालून काँक्रीटकामासाठी निश्चित कालावधी ठरवणे गरजेचे आहे.
५. उशिराची किंमत केवळ पैशात मोजली जाऊ नये. ती इमारतीच्या आयुष्यातून आणि कामगाराच्या विश्रांतीतून वसूल होत असते.

चलनावरील भरल्याची व रिकामी झाल्याची वेळ ही वरकरणी किरकोळ नोंद आहे. तथापि इमारत उभी राहिल्यानंतर तिच्या स्लॅबची कथा सांगणारा तोच एक कागद उरतो. तो जपून ठेवण्याची सवय लागली, तर अभियंत्याला व भावी इतिहासकारालाही त्याचा उपयोग होईल.