यष्टीमागची एकच जागा

आज बचतीचा, कर्जाचा, शिलाईचा विषय नाही. आज आम्ही क्रिकेटवर बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका, कारण विषय आपल्याच एका मैत्रिणीच्या घरातून आलाय.

आमच्या एका गटातली ताई बैठकीत म्हणाली, "पोरीचं बोट सुजलंय. आठवीत आहे. शाळेच्या संघात विकेटकीपर आहे म्हणे. बाकी पोरी बॅटिंग करतात, हिला मागे उभं केलंय. ना कोणी बघतं, ना टाळ्या. आता खेळ बंद करते तिचा." आम्ही ऐकून घेतलं, पण उत्तर देता येईना. म्हणून मग आपल्या नागपूरच्याच एका कीपरचा प्रवास शोधला. तो तुम्हाला सांगतो, निर्णय ताईचा.

आधी ते काम काय असतं ते पाहू. रणजी करंडकाचा सामना चार दिवसांचा असतो, बाद फेरीत पाच दिवसांचा. दिवसाला ९० षटकं टाकायची असतात, म्हणजे ५४० चेंडू. यष्टिरक्षक प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो आणि उठतो. भात लावणाऱ्या बाईला हे वेगळं समजावायला नको, कंबर कशी बोलते ते तिला माहीत आहे. चेंडू फलंदाजाने सोडला तर यानेच धरायचा. हातून सुटला तर समोरच्याला फुकटच्या धावा मिळतात, त्यांना बाय म्हणतात. पाचशे चेंडू नीट धरले तर कोणी नाव काढत नाही, एक झेल सुटला की गावभर होतं.

पूर्वी कीपरकडून एवढीच अपेक्षा असे. मुंबईचे नरेन ताम्हाणे भारताकडून २१ कसोटी खेळले ते हातांच्या सफाईवर, फलंदाजीला ते खालच्या क्रमांकावर येत. पुढे काळ बदलला. ऑस्ट्रेलियाचा गिलख्रिस्ट आणि रांचीचा धोनी यांच्यानंतर तर कीपरने धावाही काढायच्या असं ठरूनच गेलं. म्हणजे घरचं सगळं करून शेतातही जा, तसं.

आता नागपूरकडे येऊ. विदर्भाचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला १९५७-५८ साली. त्यानंतर साठ वर्षं या संघाने अंतिम फेरी पाहिली नव्हती. मोठे संघ यायचे, हरवून जायचे. नागपुरात सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान होतं, २००८ पासून वर्धा रोडवर जामठ्याचं मोठं स्टेडियम झालं. मैदान झालं, पण करंडक नव्हता.

२०१७-१८ च्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः यष्टिरक्षक, भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले. शिस्तीला कडक. कर्णधार होता फैज फजल. त्याच मोसमात नागपूरचा एक २३ वर्षांचा मुलगा विदर्भाकडून रणजी खेळू लागला. त्याचं नाव अक्षय वाडकर, जन्म ९ जुलै १९९४.

विदर्भ त्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. सामना इंदूरला, समोर दिल्ली. दिल्लीने २९५ धावा केल्या. रजनीश गुरबानीने त्या डावात हॅटट्रिक घेतली, ती बातमी सगळीकडे झाली. पण सामना खरा फिरला तो विदर्भाच्या फलंदाजीत. वरचे गडी परतल्यावर अक्षय खेळायला आला आणि टिकून राहिला. आदित्य सरवटेने ७९ केले, सिद्धेश नेरळने ७४, आणि अक्षयने १३३. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं त्याचं ते पहिलंच शतक, आणि तेही रणजीच्या अंतिम सामन्यात. विदर्भाच्या ५४७ धावा झाल्या. दुसऱ्या डावात दिल्ली २८० वर संपली, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने ९ गडी राखून करंडक जिंकला. साठ वर्षांची वाट त्या दिवशी संपली.

पुढच्या वर्षी नागपुरातच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आणला.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. त्याच वेळी विदर्भाकडे आणखी एक कीपर होता, अमरावतीचा जितेश शर्मा. जन्म ऑक्टोबर १९९३, म्हणजे अक्षयपेक्षा जवळपास नऊ महिन्यांनी मोठा. संघात अकरा जण, कीपरची जागा मात्र एकच. गोलंदाज चार-पाच खेळतात, फलंदाज सहा खेळतात, पण ग्लोव्हज एकालाच मिळतात. दुसरा कितीही चांगला असला तरी बाहेर बसतो.

जितेशला तर क्रिकेटपटू व्हायचंच नव्हतं. त्याला सैन्यदलात जायचं होतं, आणि क्रिकेट सुरू केलं ते परीक्षेत जास्तीचे गुण मिळतील म्हणून, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. (मैत्रिणींनो, दहावी-बारावीला ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलामुलींना क्रीडागुण मिळतात. शाळेत जाऊन नियम विचारा, आपल्यापैकी कित्येकींना हे माहीतच नसतं.) २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांत घेतलं, पण एकही सामना मिळाला नाही. आयपीएलचा पहिला सामना त्याला मिळाला २०२२ मध्ये, पंजाबकडून. मधली सहा वर्षं वाट पाहण्यात गेली. रणजीच्या चार दिवसांच्या खेळात जागा अक्षयची झाली, म्हणून जितेशने वीस षटकांचा खेळ धरला. आधी तो डावाची सुरुवात करायचा, नंतर शेवटी येऊन झटपट धावा करायला शिकला. ३ ऑक्टोबर २०२३ ला आशियाई खेळांत नेपाळविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, त्या संघाला सुवर्णपदक मिळालं. २०२५ साठी बंगळूरूने त्याला ११ कोटींना घेतलं. त्याने लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि त्याच वर्षी बंगळूरूने आयपीएल पहिल्यांदा जिंकली. दहा लाखांवरून अकरा कोटी.

अक्षय मात्र त्या झगमगाटात गेला नाही. भारताची टोपी त्याला मिळालेली नाही. त्याची कमाई वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

२०२३-२४ मध्ये विदर्भाने त्याला रणजी संघाचं कर्णधार केलं. विदर्भ अंतिम फेरीत गेला. मार्च २०२४, मुंबईचं वानखेडे, समोर मुंबई. पहिल्या डावात आपला संघ १०५ धावांत गुंडाळला गेला. शेवटी जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. एवढ्या धावा कोणी करत नाही. अशा वेळी खेळाडू मनातून मैदान सोडतात. अक्षयने सोडलं नाही. करुण नायरने ७४ केल्या, हर्ष दुबेने ६५, आणि अक्षय पाचव्या दिवशी शतकापर्यंत गेला. उपाहाराला ५ बाद ३३३ होते. लोक मोबाइलवर स्कोअर पाहू लागले, होतं की काय म्हणून. मग अक्षय १०२ वर बाद झाला, आणि पाठोपाठ सगळे. ३६८ वर डाव संपला. विदर्भ १६९ धावांनी हरला.

शतक करूनही हार. गटातल्या बायांना हे कळतं. आपलं काम चोख असतं, तरी पाऊस यायचा तो येतोच.

पुढच्या मोसमात तोच कर्णधार, तोच कीपर. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा मुंबई आली, यावेळी जामठ्याला. विदर्भाने ८० धावांनी हरवलं. अंतिम सामना केरळशी. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेलं. विदर्भाचे ३ गडी २४ धावांत गेले. तिथून दानिश मालेवारने १५३ आणि करुणने ८६ करून डाव सावरला, ३७९ झाले. केरळ ३४२ वर थांबलं. आघाडी फक्त ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात जो पुढे, करंडक त्याचा, असा नियम आहे. विदर्भाने दुसऱ्या डावात पाचव्या दिवसापर्यंत फलंदाजी केली आणि २ मार्च २०२५ ला तिसरा करंडक आला. ३७ धावांचा फरक. आता सांगा, मागे उभ्या माणसाने अडवलेला एकेक चेंडू त्या ३७ मध्ये मोजायचा की नाही? धावफलकावर तो लिहिलेला नसतो. त्याच ऑक्टोबरमध्ये अक्षयच्याच कर्णधारपदाखाली विदर्भाने इराणी करंडकही जिंकला, ९३ धावांनी.

म्हणजे दोघांची गोष्ट अशी. जागा एकच होती. एकाने ती धरून ठेवली, दुसऱ्याने आपली वेगळी जागा केली. कोण मोठा, हे आम्ही ठरवत नाही. गटाचं अध्यक्षपद बदलताना आपल्याकडे जे रुसवेफुगवे होतात, त्या वेळी मात्र ही गोष्ट आम्हाला नक्की आठवेल.

आता कोणी म्हणेल, ही झाली पोरांची गोष्ट. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या भारतीय संघात होती. अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा यष्टीमागे रिचा घोष होती. तिने त्या सामन्यात २४ चेंडूंत ३४ धावाही केल्या.

हे सगळं आम्ही त्या ताईला पुढच्या बैठकीत सांगितलं. ती लगेच काही बोलली नाही. मग विचारलं, "बोट कशामुळे सुजलं असेल?" चौकशी केली तेव्हा कळलं, पोरगी मोठ्या माणसाच्या मापाचे, आतलं अस्तर फाटलेले ग्लोव्हज घालून उभी राहत होती. दुखणं खेळाचं नव्हतं, मापाचं होतं. बोट आधी डॉक्टरांना दाखवलं. ग्लोव्हजसाठी ताईने गटातून अंतर्गत कर्ज मागितलं. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं, यावर थोडी हसाहशी झाली. शेवटी सचिवताईंनी लिहिलं: मुलीच्या हातांसाठी.

ती पुढे कुठवर खेळेल, कोणाला माहीत. हप्ता मात्र वेळेवर येतोय.