हेमाद्रीची आरोग्यशाळा : रुग्णाच्या अनुभवाचा साडेसातशे वर्षांपूर्वीचा विचार

१/ औंढा नागनाथच्या मंदिराचा विषय निघाला की 'हेमाडपंती' हा शब्द ओघानेच येतो. ज्या हेमाद्रीवरून तो रूढ झाला, तो वैद्यकग्रंथाचा टीकाकारही होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रुग्णाला कसे वागवावे आणि वैद्याची कीर्ती कशावरून पारखावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने अभ्यासलेल्या ग्रंथपरंपरेत आहेत. त्यांचा हा मागोवा.

२/ हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव यादवाचा (कारकीर्द १२६१ ते १२७१) आणि पुढे रामचंद्रदेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. 'हेमाडपंती' म्हणून ओळखली जाणारी कित्येक मंदिरे त्याच्या आधीची आहेत. चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याच्या शैलीलाच लोकांनी त्याचे नाव दिले.

३/ त्याची निःसंशय निर्मिती आहे ती ग्रंथांत. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा महाकोश. 'आयुर्वेदरसायन' ही वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथावरील टीका. त्याच्या आश्रयाला असलेला व्याकरणकार बोपदेव हाही केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. देवगिरीच्या विद्वत्सभेत वैद्यकाला मानाचे स्थान होते, ते असे.

४/ अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाच्या अंगी चार गुण हवेत. परिचारक प्रेमळ, स्वच्छ, तत्पर आणि बुद्धिमान असावा. या चौघांत 'प्रेमळ' हा गुण पहिला मोजला आहे. आजारी माणसाशी कोण कसे बोलते, हा उपचाराचाच भाग मानला होता, याचा हा पुरावा.

५/ रुग्णाच्या चार गुणांपैकी एक आहे 'ज्ञापक' : आपली अवस्था नीट सांगू शकणारा. रुग्णाचे बोलणे हा येथे चिकित्सेचा आधार ठरतो. आता जो वैद्य पुरते ऐकूनच घेत नाही, त्याच्यापुढे ज्ञापक रुग्णाचाही इलाज चालत नाही. ऐकून न घेणारा वैद्य चारांपैकी एक पाय स्वतःच्या हाताने कापत असतो.

६/ वैद्याच्या गुणांत शास्त्राइतकेच महत्त्व 'दृष्टकर्मा' असण्याला आहे : ज्याने प्रत्यक्ष उपचार पाहिले आहेत, असा. नुसत्या पोथीवर वैद्य होता येत नाही आणि नुसत्या बोलबाल्यावर तर मुळीच नाही. हा दुसरा मुद्दा त्याहून जुन्या चरकसंहितेने फार तिखटपणे मांडला आहे.

७/ चरकाने भोंदू वैद्यांचे वर्णन केले आहे. कोणी आजारी पडल्याचे कळताच ते धावत जातात आणि रुग्णाच्या कानी पडेल अशा बेताने स्वतःची स्तुती करतात. आधीच्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतात, रुग्णाच्या आप्तमित्रांची खुशामत करतात, आपल्याला फारसा मोबदला नको असे भासवतात. गुण आला नाही की खापर रुग्णावर फोडतात, आणि शेवट जवळ आला की पसार होतात.

८/ विकत घेतलेले पंचतारांकित अभिप्राय, शेजारच्या दवाखान्यावर टाकलेले खोटे शेरे, तक्रार करणाऱ्या रुग्णालाच दिलेला दोष : यांतले काहीही चरकाला नवे वाटले नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनीही जाहिरात करून रुग्ण ओढण्यास डॉक्टरांना मनाई केली आहे. प्रश्न जुनाच आहे, साधने तेवढी बदलली.

९/ मग चांगला अनुभव म्हणजे काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे असावे ते आले आहे. ते भक्कम असावे, हवा खेळती असावी पण वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, धूर, ऊन आणि धूळ यांचा त्रास नसावा. पाणी, न्हाणीघर, शौचकूप, स्वयंपाकघर हाताशी असावे.

१०/ स्वयंपाक करणारे, अंग चोळणारे, रुग्णाला उठवून बसवणारे सेवक तेथे असावेत. शिवाय गाणारे, वाजवणारे आणि कथा, इतिहास, पुराणे जाणणारेही असावेत! इतिहासप्रेमींनी हे ध्यानात ठेवावे : आजाऱ्याच्या उशाशी बसून इतिहास सांगणे हे त्या काळी रुग्णसेवेचे काम होते.

११/ या सुंदर चित्रात एक मोठी उणीव आहे. अष्टांगहृदयातील रुग्णाचा एक गुण आहे 'आढ्य', म्हणजे धनवान. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर हेमाद्रीच्याच दुसऱ्या ग्रंथात सापडते.

१२/ चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात त्याने पुराणांतील आरोग्यदानाचे उतारे संकलित केले आहेत. उत्तम औषधे आणि जाणता वैद्य असलेली आरोग्यशाळा उभारावी, तेथे औषध विनामूल्य मिळावे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चारही आरोग्यावर अवलंबून असल्याने ज्याने आरोग्य दिले त्याने सर्वस्व दिले, असा त्यामागचा विचार.

१३/ हे केवळ पोथीत राहिले नव्हते. तमिळनाडूतील तिरुमुक्कुडल येथील चोळ शिलालेखात (अकरावे शतक) १५ खाटांच्या रुग्णालयाचा वैद्य, शल्यवैद्य आणि परिचारिका यांच्यासह तपशील आहे. महादेव यादव गादीवर आला त्याच १२६१ सालच्या, काकतीय राज्यातील मल्कापुरम लेखात गावाच्या उत्पन्नातून प्रसूतिशाळा आणि आरोग्यशाळा चालवण्याची तरतूद आहे.

१४/ तरीही दानाची दारे सर्वांना सारखी उघडी होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हा चोखामेळ्याचाही काळ, आणि त्याला पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. औंढ्याची आख्यायिका सांगते की नामदेवांना पुजाऱ्यांनी समोरून हटवले, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. हटवलेल्या माणसाकडे संस्थेने तोंड वळवावे, ही लोकमनाची अपेक्षा त्या कथेत जिवंत आहे.

१५/ आज औंढा तालुक्यातील रुग्णही हिंगोलीला किंवा नांदेडला जाण्याआधी मोबाइलवर अभिप्राय वाचू शकतो. केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था सुरू करून रुग्णांना स्वच्छतेविषयी, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीविषयी विचारायला आरंभ केला. 'ज्ञापक' रुग्णाला पुन्हा आवाज मिळाला, असेच म्हणावे लागेल.

१६/ अभिप्राय सुधारायचा तर दवाखान्याने आधी चार पाय तपासावेत. वैद्य ऐकतो का? औषध योग्य आणि परवडणारे आहे का? परिचारक मायेने वागतो का? रुग्णाला निर्भयपणे बोलता येते का? हे चार पाय भक्कम असतील तर कीर्ती मागून चालत येते. तिला पुढे धाडणाऱ्यांना चरकाने कोणत्या नावाने ओळखले, ते वर आलेच आहे.