आरसाविरहित कॅमेरा, जुन्या घाटाचा : भिंगे आणि उपसाधने

अंतरंगाने सर्वस्वी अंकीय, परंतु बाह्यांगाने फिल्मयुगातील धातूच्या कॅमेऱ्याची ठेवण धारण करणारा, माथ्यावर बहुधा वेगाच्या व कधी आयएसओच्या आकडे कोरलेल्या चकत्या मिरवणारा आणि भिंग व संवेदक यांच्यामध्ये आरसा नसलेला कॅमेरा. फुजीफिल्मच्या एक्स १०० ह्या कॅमेऱ्याने २०११ मध्ये ह्या घाटाची आवड बाजारात पुन्हा रुजविली. त्याचे भिंग मात्र बदलता येत नसे. ती सोय २०१२ च्या एक्स-प्रो१ आणि ऑलिंपस ओएम-डी ई-एम५ ह्यांनी करून दिली. पुढे निकॉनने आपल्याच १९८२ च्या एफएम२ चे रूप समोर ठेवून २०२१ मध्ये झेड एफसी आणि २०२३ मध्ये झेड एफ हे दोन कॅमेरे काढले. प्रस्तुत नोंदीत अशा कॅमेऱ्यावर चढविण्याची भिंगे व उपसाधने यांचा विचार, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, फटाक्यांच्या कारखान्यांसाठी सर्व मराठवाड्यात सर्वश्रुत असलेल्या मौजे तेरखेडा येथील आतषबाजीच्या छायाचित्रणाच्या अनुषंगाने केला आहे. कारण रात्रीच्या आकाशात फुटणारा शॉट हा भिंगाची, ॲडॅप्टरची आणि ते वापरणाऱ्याच्या हाताची अशी तिहेरी परीक्षा एकाच क्षणी घेतो.

वेश आणि वृत्ती. ह्या कॅमेऱ्यांसोबत येणारी काही भिंगे केवळ दिसायला जुनी असतात. निकॉनची २८ मिमी एफ/२.८ आणि ४० मिमी एफ/२ ही ‘एसई’ भिंगे त्या कंपनीच्या जुन्या निक्कोर भिंगांसारखी खाचेदार कडी मिरवितात, परंतु त्यांवर ॲपर्चरची कडी नाही, अंतराचे आकडे नाहीत आणि केंद्रीकरणाची कडी यंत्रणेला विजेच्या संकेताने जोडलेली असल्यामुळे ती कितीही फिरविली तरी कोठेही अडत नाही. ही भिंगे हलकी, तीक्ष्ण आणि उपयुक्त आहेत ह्यात शंका नाही. तरीही त्यांना जुन्या घाटाची म्हणणे हे सोंगाला मूर्ती म्हणण्यासारखे आहे. फुजीफिल्मच्या पुष्कळशा भिंगांवर ॲपर्चरची खरी कडी असते, आणि त्या मानाने त्या कंपनीने वेशाशी अधिक इमान राखले आहे. निकॉनवर ज्याला काळोखात, पडद्याकडे न पाहता, बोटाने टकटक मोजून ॲपर्चर लावावयाचे आहे त्याने जुन्या भिंगाकडे वळावे.

पाऊण पेराचे अंतर. आरसा गेल्यामुळे झालेला सर्वांत मोठा लाभ हलकेपणाचा नसून अवकाशाचा आहे. भिंग जेथे बसते त्या कडीपासून संवेदकापर्यंतचे अंतर निकॉनच्या जुन्या एफ बैठकीत ४६.५ मिमी होते. झेड बैठकीत ते १६ मिमी आहे, फुजीच्या एक्स बैठकीत १७.७ मिमी आणि सोनीच्या ई बैठकीत १८ मिमी. जुन्या भिंगाला जितके अंतर हवे त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे अंतर वजा केले की उरलेल्या लांबीची पोकळ नळी, म्हणजेच ॲडॅप्टर, बसविता येते : निक्कोर भिंग झेडवर बसवावयाचे तर ३०.५ मिमी, एक्सवर बसवावयाचे तर २८.८ मिमी. ह्या नळीत काच नसते, त्यामुळे चित्राच्या गुणवत्तेत तिच्यामुळे भर पडत नाही आणि, ती नीट कातलेली असल्यास, घटही होत नाही. सोव्हिएत रशियातून व पूर्व जर्मनीतून आपल्याकडे आलेल्या झेनिट आणि प्राक्टिका कॅमेऱ्यांची एम४२ ह्या आट्याची भिंगे ४५.४६ मिमी अंतर मागतात. ती निकॉनच्या आरसायुक्त कॅमेऱ्यावर मध्ये जादा काच घातल्याखेरीज दूरचे दृश्य स्पष्ट दाखवू शकत नसत. त्याच कंपनीच्या झेडवर मात्र तीच भिंगे बिनतक्रार चालतात. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात धूळ खात पडलेल्या हेलिओस ४४-२ ह्या एम४२ भिंगाला असा दुसरा जन्म मिळाला आहे.

संवेदकाचा आकारही लक्षात घ्यावा लागतो. झेड एफ पूर्ण आकाराचा असल्याने त्यावर ५० मिमीचे भिंग ५० मिमीसारखेच वागते. झेड एफसी अथवा फुजीच्या एक्स मालिकेत तेच भिंग ७५ मिमीइतके अरुंद दृश्य देते, आणि गावकुसाच्या मैदानात आतषबाजीच्या जवळ उभे राहावे लागल्यास निम्मा फुलोरा चौकटीबाहेर जातो.

अनंताचा घोळ. बहुतेक स्वस्त ॲडॅप्टर आवश्यकतेहून किंचित आखूड कातलेले असतात, आणि ते जाणूनबुजून. कारण नळी आखूड असली तर भिंगाची कडी अनंताच्या खुणेच्या थोडी अलीकडे ठेवून दूरचे दृश्य स्पष्ट करता येते, परंतु ती लांब झाली तर दूरचे काहीही कधीच स्पष्ट होत नाही. पन्नास मिमीच्या भिंगाला नळी एक दशांश मिलिमीटरने लांब पडली की स्पष्टतेची कमाल मर्यादा सुमारे २५ मीटरवर येऊन थांबते. उलट, आखूड नळीवर जो मनुष्य जुन्या सवयीने काळोखात कडी शेवटपर्यंत फिरवून निर्धास्त होतो, त्याचे भिंग अनंताच्याही पलीकडे गेलेले असते आणि बाणाच्या प्रत्येक ठिणगीचे सूत पसरून त्याचा दोरखंड होतो. अडचण अशी की एफ/११ वर हा दोष बराचसा झाकला जातो, म्हणून दिवसा घेतलेल्या चाचणीत तो दिसतच नाही. शहाणपणाचा मार्ग म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडून, शेजारच्या येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर दिसणारा दिवा किंवा एखादा ठळक तारा दृश्यदर्शकात मोठा करून पाहणे, तो टिंबाएवढा झाला की कडीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा डकविणे, आणि नंतर कार्यक्रम संपेपर्यंत त्या कडीला हात न लावणे.

ह्या कामी हेलिओस ४४-२ ची रचना विशेष सोयीची ठरते. त्या भिंगाला ॲपर्चरच्या दोन कड्या असतात. पहिलीवर ११ हा आकडा आधीच लावून ठेवला की दुसरी कडी केवळ उघड आणि मीट करते, म्हणजे उघड्या भिंगाने नेम धरून एका झटक्यात, आकडा न पाहता, ठरलेल्या ठिकाणी येता येते. जुन्या निक्कोर ५० मिमी एफ/१.८ वर तेच काम पाच टकटकींत होते.

ॲपर्चर हेच येथे प्रकाशाचे नियंत्रक आहे, ही गोष्ट नवशिक्याला चमत्कारिक वाटते. ठिणगी सतत धावत असल्यामुळे संवेदकाच्या कोणत्याही एका बिंदूवर ती क्षणमात्रच थांबते. झडप दोन सेकंद उघडी राहिली काय आणि आठ सेकंद राहिली काय, तिच्या रेषेचा उजळपणा तोच राहतो, फक्त चौकटीत किती फुलोरे जमतील एवढेच बदलते. म्हणून आयएसओ १०० किंवा कॅमेऱ्यातील त्याच्या जवळचा आकडा, एफ/८ ते एफ/१६ मधले ॲपर्चर आणि ‘बल्ब’ हा वेग, अशी तजवीज करावी. स्ट्राँशियमचा तांबडा आणि तांब्याचा निळा हे रंग मंद असतात, ॲल्युमिनियमची पांढरी चमक मात्र जाळून टाकणारी असते. पांढरा शॉट येणार असे कळले तर एक टक अधिक मिटावी. दोन शॉटच्या मधल्या काळात भिंगापुढे काळा पुठ्ठा धरणे हा जुना उपाय आजही कोणत्याही यांत्रिक सोयीहून सरस आहे. दीर्घ उद्‌भासनानंतरची गोंगाट-शुद्धी बंद ठेवावी, अन्यथा आठ सेकंदांच्या चित्रामागे आणखी आठ सेकंद कॅमेरा अडून बसतो. पहिल्या काही मिनिटांनंतर धूर साचतो. सबब वाऱ्याची दिशा पाहून धूर पलीकडे जाईल अशीच जागा धरावी.

उपसाधने. कॅमेऱ्याला आपण कोणते भिंग लावले हे नळीतून कळत नाही. झेड एफमध्ये पंचाक्षीय कंपनिवारण असल्याने त्याला केंद्रांतराचा आकडा हाताने सांगावा लागतो. फुजीत ‘लेन्सशिवाय चित्रण’ ही मुभा चालू केल्याखेरीज झडपच पडत नाही, आणि ॲडॅप्टर बिघडला असे समजून दुकानदाराशी हुज्जत घालणारे ग्राहक ह्याच एका कारणाने पुष्कळ निघतात. मुंबईत फोर्टातील बोरा बाजार हे अशा नळ्या, कड्या व जुन्या भिंगांच्या दुरुस्तीचे परिचित ठिकाण आहे.

फिल्टरच्या बाबतीत जुन्या-नव्याचा मेळ अनपेक्षितपणे चांगला जमतो : निकॉनच्या जुन्या भिंगांचा ५२ मिमी हा व्यास नव्या ४० मिमी एफ/२ वरही आहे, तेव्हा वडिलांच्या वेळचा पिवळा फिल्टर आजही चढतो, हेलिओसच्या ४९ मिमी आट्याला मात्र मध्ये एक स्टेप-अप रिंग लागते. रात्रीच्या आतषबाजीत संरक्षक काच काढून ठेवावी, कारण प्रखर बिंदूचे प्रतिबिंब तिच्यावरून उलटून चित्रात भुतासारखे उमटते. एक्स १०० व एक्स-प्रो१ च्या कळीत जुन्या पद्धतीची तार थेट आट्याने बसते, आणि ट्रायपॉडवरील कॅमेऱ्याला धक्का न देता झडप उघडी ठेवण्याला तिच्याइतके साधे साधन नाही. त्याच आट्यात बसविण्याची पितळेची शोभेची कळ मात्र प्रवासात सैल होऊन हमखास हरवते. मूठ नसलेल्या झेड एफचे वजन बॅटरी व कार्डासह ७१० ग्रॅम आहे. धातूचे भिंग आणि नळी जोडल्यावर तो पुढे झुकतो, म्हणून खालून बसणारी मूठ ही चैन न मानता सरंजामाचा भाग मानावी.

जुना फ्लॅश थेट हॉट शूवर चढवू नये. कित्येक जुन्या फ्लॅशमध्ये संपर्काच्या टोकांवर शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्रत्येक नव्या कॅमेऱ्याची यंत्रणा तो सोसण्यासाठी बनलेली असतेच असे नाही. कारखान्याच्या आवारात तर फ्लॅशचा प्रश्नच उद्भवत नाही : जेथे दारू भरली जाते त्या शेडजवळ ठिणगी पाडू शकणारी कोणतीही विजेची वस्तू नेणे जिवावर बेतणारे आहे, आणि मालकाची लेखी परवानगी हातात असली तरी चित्रण बाहेरच्या बाजूने, नैसर्गिक उजेडातच करावे.

जतन. कोकणातील व मुंबईतील दमट हवेत जुन्या भिंगांना बुरशी धरते, तिचे तंतू काचेवरील लेप खातात आणि साफ केल्यावरही डाग राहतो. तेरखेड्याकडे, बालाघाटच्या कोरड्या माथ्यावर ही पीडा पुष्कळ कमी, पण तिची जागा धूळ घेते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालू असते, महामार्गावरची रहदारी थांबत नाही आणि आतषबाजीची राख वरून पडते. आरसा नसल्यामुळे भिंग उतरविताच संवेदक उघडा पडतो. भिंग बदलणे भागच असेल तर ते गाडीच्या काचा लावून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून करावे. संवेदकावर कण बसलाच तर रबरी फुग्याने फुंकर घालावी, तोंडाने नव्हे. कडीच्या आट्यात शिरलेली माती तेल घालून मोकळी करण्याचा मोह टाळावा, कारण ते तेल उन्हाळ्यात पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते आणि पाती मिटावयाची तशी मिटत नाहीत.