जरीपटका : एक तळटीप

* जरीपटका : जरीचे काम केलेले, टोकाला दुभंगलेले मराठी राज्याचे मानाचे निशाण. ‘पटका’ म्हणजे फेट्याचे कापडही. डोक्यावरचा मान आणि काठीवरचा मान मराठीने एकाच शब्दात सांगितला, ही या शब्दाची खरी श्रीमंती.

भगवा झेंडा आणि जरीपटका यांची गल्लत पुष्कळदा होते. भगवा रंग सर्वांचा; वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पताकेचा रंगही तोच, म्हणून तो जितका फौजेचा तितकाच दिंडीचा. जरीपटक्याचे तसे नव्हते. तो छत्रपतींच्या अधिकाराची खूण म्हणून सरदाराकडे सोपवला जाई, मोहिमेत हत्तीवर चाले आणि सोबत नगारा वाजे. धुळीने कोंदलेल्या रणांगणात तो डोलताना दिसतो आहे तोवर आपली फौज उभी आहे, हे दूरच्या शिपायालाही कळे. दिसेनासा झाला, की पळापळ.

१७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार तिथला. पुढे साठ वर्षांच्या आतच, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

जरीपटका हे नाव आज नागपुरातल्या एका वस्तीचेही आहे. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे तिथे वसली आणि त्यांच्या पत्त्यात हा शब्द रोज लिहिला जातो.