'शहीद' म्हणून हार नकोत, कामगार म्हणून हक्क द्या!

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेला नेतिवली भागातल्या विहिरीत विषारी वायूने तिघांचा जीव घेतला. त्यांना काढायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही परतले नाहीत. दोघे 'शहीद' झाले, हार घातले गेले. पण जे सहकारी जिवंत राहिले, त्यांच्या मनाचे काय झाले, हे आपण कधी विचारले का?

या प्रश्नाला इतिहास आहे. मेलेले जनावर ओढणे, मर्तिकाचा सांगावा गावोगाव नेणे, रात्रंदिवस हाकेला धावणे, ही कामे गावगाड्याने आमच्या पूर्वजांवर वतन म्हणून लादली. कामाला तास नव्हते, मोबदल्याचा भरवसा नव्हता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. सूत्र सरळ होते: काम ठरवा, मोबदला ठरवा, माणसाला राबवून घेणे थांबवा.

कुणी म्हणेल, अग्निशमन दलात सगळ्या जातींची मुले आहेत, मग वतन मध्येच कशाला? कारण माणसे बदलली तरी राबवणाऱ्याची वृत्ती तीच आहे. कामाचा गौरव करायचा आणि काम करणाऱ्याचा हिशेब ठेवायचा नाही!

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाले. दर वेळी मृतांचा आकडा छापून आला. ते मृतदेह, ते तुकडे ज्या हातांनी उचलले, ते हात रात्री घरी जाऊन झोपू शकले का? अशी दृश्ये पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांची झोप उडते, चिडचिड वाढते, काहीजण दारूकडे वळतात, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. हा दुबळेपणा नाही. धुराने फुप्फुसाला होते तशी ही कामाने मनाला झालेली इजा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्या रोखण्याचे कार्यक्रम राबवणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. म्हणून आम्ही भीक मागत नाही, अंमलबजावणी मागतो. प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर सक्तीची विश्रांती द्या. समुपदेशन नोकरीचा भाग करा आणि त्याची नोंद बढतीच्या आड येऊ देऊ नका. हेच हक्क कंत्राटी जवानांना आणि शवागारातल्या सफाई कामगारांनाही द्या.

आणि बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या ओळखीत असा कुणी गप्प गप्प राहत असेल तर त्याच्याजवळ बसा, थेट विचारा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याला द्या, हवे तर स्वतः लावून द्या. गप्प बसून सोसायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही.

जय भीम!